बाबांचा रंग

घाटंजी,
ता. २० एप्रिल २००४

प्रिय रवीदादा,

जय भीम.

तू, वहिनी आणि मोनाली मजेत असाल असं धरून चालते. आईचे गुडघे होते तसेच आहेत. चौदा तारखेची मिरवणूक छान झाली. तू का आला नाहीस असं ज्याने त्याने विचारलं, मी सगळ्यांना ‘दुकानात सीझन आहे’ असं सांगून वेळ मारून नेली.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फुलचंदकाकांच्या एसटीडीवर उभं राहून भांडायचं म्हणजे अर्ध्या घाटंजीची करमणूक. शिवाय मी आवाज चढवला की तुझ्याकडे लगेच गिऱ्हाईक येतं आणि तू फोन ठेवतोस. म्हणून पत्र.

नेरचे पाहुणे रविवारी येऊन गेले. मुलगा, म्हणजे धम्मरत्न, त्याचे आईवडील आणि आत्या. आईने सकाळपासून खपून आलुबोंडे केले होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांसमोर धरला, आणि आत्याबाई हातातल्या फोटोकडे बघत म्हणाल्या, “आता पोरीले बोलवा नं.”

आई म्हणाली, “हीच पोरगी हाये.”

आत्याबाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. “मंग हे कोन हाये?”

खरंच, कोण आहे रे ती? नाक माझं, कानातले माझे, आणि रंग भिजवलेल्या मैद्याचा! तू पाकीट बंद करून परस्पर नेरला पाठवलंस, मी तो फोटो पहिल्यांदा त्या बाईंच्या हातात पाहिला. पाहुणे गेल्यावर आईशी भांडले तर ती म्हणाली, “मीच सांगतलं त्याले, जराशी उजळ कर म्हून.” ठीक आहे. आईला माझ्या लग्नाची काळजी आहे. पण आईला कॉम्प्युटर येत नाही, तुला येतो. तू नाही म्हणू शकत होतास.

तू बारावीनंतर यवतमाळला कॉम्प्युटरच्या क्लासला लागलास तेव्हा मी चौथीत होते. मला दाखवायला घेऊन गेलास. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. फुल्या आणि शून्यं मांडून तू माझा चेहरा काढलास, त्यातल्या वेण्या तेवढ्या ओळखू आल्या. मग क्लासमध्ये रंगीत मशीन आलं. सीजीए. रंगीत म्हणजे काय, तर चित्रात चारच रंग. काळा, पांढरा, फिरोजी आणि एक भडक गुलाबी. तू मला गुलाबी केलंस आणि मी भोकाड पसरलं. तू म्हणालास, “याच्यात तुहा रंगच नाही तर मी काय करू?” घरी आल्यावर बाबांनी मला मांडीवर घेतलं. “मशीन नवं हाये माय, शिकून राह्यलं. येईल तुहा रंग बी.”

मग ईजीए, सोळा रंग. मग व्हीजीए, दोनशे छप्पन. जेवताना तू ही नावं अशी घ्यायचास, जशी एसटी स्टँडवर माणसं गाड्यांची नावं घेतात. सोळा रंगांत मी विटेची झाले. तू विटकरी ठिपक्यांमध्ये एखादा पिवळा, एखादा काळा पेरायचास आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायचास, लांबून तरी मी दिसते का. दोनशे छप्पन रंगांत बरीचशी आले, पण गालावर पायऱ्या पायऱ्या दिसायच्या. तू जेवायचं विसरायचास रे तेव्हा. बहिणीचा रंग काचेवर यायला पाहिजे, एवढंच तुझं वेड होतं. मैत्रिणींना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

आणि मग तू यवतमाळलाच फोटोचं दुकान टाकलंस. मोठा मॉनिटर, नवं कार्ड, एक कोटी सदुसष्ट लाख रंग. बाबांना आणि मला मुद्दाम बोलावलंस. बाबांचा कापसाच्या जिनिंग मिलच्या ओळखपत्रातला फोटो काढून स्कॅनरवर ठेवलास, आणि काचेवर बाबा आले. जसे होते तसे, कपाळावर तांबूस, कानाजवळ गर्द काळे. बाबांनी काचेला बोट लावलं आणि लहान पोरासारखे हसले. “शिकलं नं मशीन!”

रंग नव्हता तेव्हा शोधत होतास. सापडला आणि तू पुसायला लागलास. याची लाज वाटत नाही का तुला?

माझ्या फोटोपुरतं असतं तर मी चार शिव्या मनात दिल्या असत्या आणि गप्प बसले असते. पण पाहुण्यांचं चहापाणी झालं आणि आत्याबाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. बाबा गेल्यावर तू पाठवलेला तो मोठा फोटो. तो आला त्या दिवशी आई खूप रडत होती, म्हणून मी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, “बाप त असा गोरापान. पोरगी कोनावर गेली म्हनाव?”

दादा, सगळं गाव म्हणायचं, ही बापाची कार्बन कॉपी आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या फोटोखाली उभं करून मला हे विचारलं गेलं. आई मान खाली घालून बसली. मी म्हटलं, “मी बाबावरच गेली. फोटो खोटा हाये.” निघताना धम्मरत्न फाटकाशी थांबला आणि हळूच म्हणाला, “तुमच्या बाबाचा खरा फोटो दाखवान का मले?” मी आत वळले आणि मग आठवलं, घरात तो नाहीच. एकुलता एक होता, तो तुझ्याकडे आहे.

तू म्हणशील, कापसाचे असे वाईट दिवस, लग्नं पुढे ढकलली जाताहेत, दुकानात नवरानवरीपेक्षा हार घालायचेच फोटो जास्त येतात आणि जो तो ‘जरा उजळ करा’ म्हणतो. म्हणत असतील. तुला पोट आहे, तू करून देतोस. पण बाबा तुझे गिऱ्हाईक नव्हते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. काल मी यवतमाळला आले होते. तो फोटो मागायलाच. तू नव्हतास, शटर अर्धं ओढलेलं होतं, पण काचेमागे बाबा होते. मधोमध रेघ मारलेले. डावीकडे आपले बाबा, खाली लिहिलंय ‘आधी’. उजवीकडे तो गोरा माणूस, खाली लिहिलंय ‘नंतर’. नमुना म्हणून लावलेत तू त्यांना! दोन बाया बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, “केवढा फरक पडला वं!” मी तिथे रस्त्यावर उभी होते आणि हे माझे बाबा आहेत असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. तशीच परतीच्या बसमध्ये बसले. त्याबद्दल मला तुझ्याइतकाच माझाही राग येतो.

तुला आठवतं, बाबा जिनिंगमधून यायचे तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढरे असायचे. भुवयासुद्धा. मोनालीएवढी असताना मी त्यांना घाबरायचे, जवळ जायचे नाही. ते न्हाणीत जायचे, डोक्यावर पाणी घ्यायचे आणि आपल्या रंगाचे होऊन बाहेर यायचे. मग मी पळत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारायचे. भिंतीवरच्या फोटोत ते अजून न्हाणीत गेलेलेच नाहीत.

नेरहून निरोप आलाय, मुलगी पसंत आहे. मी अजून होकार दिलेला नाही. बुद्धपौर्णिमेला धम्मरत्न पुन्हा येणार आहे. त्याआधी मला ‘आधी’चे बाबा पाहिजेत, पूर्ण, मधली रेघ नसलेले. भिंतीवरचा तो माणूस मी आज सकाळी उतरवून ठेवलाय. खिळा रिकामा आहे. आई येता-जाता तिकडे बघते.

तुझ्याकडे एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत. त्यातला एक त्यांचा आहे, आणि तो कुठला हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. त्यांच्या अंगावरची रुई धुऊन त्यांना घरी पाठव.

वहिनींना जय भीम, मोनालीला पापा. तिचा रंगही आपल्यावर गेलाय, तिचे फोटो सांभाळून काढ.

बाबांच्याच रंगाची,
दीपा