व्याह्यांसाठी बिनसाखरेची बिस्किटं

१९ ऑक्टोबर १९६१, दसरा. अकोला.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी.

काम असं: आमचे व्याही, वरूडचे खुशालराव, यांना डॉक्टरने साखर बंद केली आहे. पोळ्याला मी वरूडला गेलो तेव्हा ते म्हणाले, यंदाच्या दिवाळीत आपन नुसतं लोकाईच्या ताटाकडे पाहाचं. मी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगितलं की बेबीला दिवाळसणाला न्यायला येईन, तो तुमच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं घेऊनच येईन. तीही चॉकलेटची! ओसरीवर सगळे गप्प झाले. प्रभाव पडला.

बेबी आमची एकुलती एक. वैशाखात लग्न झालं, ही पहिलीच दिवाळी. माहेरचं माणूस न्यायला गेल्याशिवाय पोरगी सासरहून निघत नाही, रीतच आहे तशी. तेव्हा मी जाणारच. फक्त बिस्किटं झाली की निघायचं. अवघड काय त्यात?

निश्चय: (१) पहाटे पाचला उठणे. (२) पार्वताबाईंवर न ओरडणे.

२० ऑक्टोबर

आठला उठलो. काल दसऱ्याचं जागरण झालं होतं.

पार्वताबाई, म्हणजे आमच्या घरच्या, विचारतात की बिस्कुटं मांगतली कोनं? पोरीले आनाले जा म्हंजे झालं. मी समजावलं की शब्द दिलेला आहे, खाली हातानं गेलो तर वरूडात तोंड काय दाखवू. तर म्हणे, जे हाये तेच दाखवा. ओरडावं लागलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

बेकरीवाल्या हबीबभाईंकडे जाऊन आलो. दिवाळीत बाया आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन त्यांच्याकडे येतात, तिथेच मळतात आणि भट्टीत नानकटाई भाजून घेतात. मी म्हटलं, मलाही एक पत्रा लागेल. साखर सोडून सगळं आणतो. हबीबभाईंनी दोनदा विचारलं, साखर सोडून? मी हो म्हटलं. त्यांनी कानांना हात लावला. या लोकांना नवीन काही सांगायची सोयच नाही.

औषधाच्या दुकानातून सॅकरिनची शिशी आणली. साखरेपेक्षा शेकडो पट गोड, म्हणतात. सायन्सने केवढी सोय केली आहे, आणि आपले लोक अजून साखरच खातात!

२५ ऑक्टोबर, रात्री

पहिला पत्रा. बायांच्या रांगेत मी एकटा पुरुष. एक आजीबाई म्हणाल्या, घरची बाई बिमार हाये काय बावा? मी पीठ मळत राहिलो.

सॅकरिन किती घालायचं ते शिशीवर लिहिलेलं नव्हतं. कमी पडायला नको म्हणून शिशीतल्या सगळ्या गोळ्या कुटून घातल्या. बिस्किटं दिसायला फर्स्टक्लास. तोंडात घातलं आणि कडूजहर! कान गरम झाले. हबीबभाईंनी एक चाखलं, थुंकले, आणि अदबीने विचारलं, साब, ये मलेरिया की है क्या?

शिशी जुनी असावी. दुकानदाराला सोडणार नाही.

२६ ऑक्टोबर

दुकानदार म्हणतो, एका कप चहाला एक गोळी पुरते. हे आधी सांगायला याला काय झालं होतं?

तोंड अजून कडूच. पार्वताबाईंचा चहाही कडू लागला. त्यांना तसं सांगितलं. आता बोलत नाहीत.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज जायचं ठरलं होतं. बिस्किटं नाहीत, जाणार कसा? पुढला रविवार पक्का.

वरूडहून संत्र्यांच्या ट्रकवर बुधाजी आला होता, खुशालरावांच्या बगीच्यातला माणूस. टोपलीभर संत्री देऊन गेला. बेबीनं विचारलं म्हणे, बाबा कवा येऊन राहिले? शेजारच्या घरच्या सुना पेट्या भरून बसल्या. मी म्हटलं, सांग, बाबा मोठ्या कामात आहेत, काम झालं की लगेच. बुधाजीनं विचारलं, कापसाचं काय? मी आमच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क, म्हणून त्याला तसं वाटलं असेल. हो म्हटलं. त्याला बिस्किटांतलं काय कळणार.

पार्वताबाई बोलल्या. बोलल्या म्हणजे कडाडल्याच. तुमाले नाई जमत तं माह्या भावाले धाडतो. जगदेव परतवाड्याहून एका दिवसात पोरगी आनते. मी म्हटलं, बाप जिवंत असताना मामा कशाला? लोक काय म्हणतील? यावर त्या म्हणाल्या, पैला दिवाळसन एकदाच येते. मला काय हे माहीत नाही?

१ नोव्हेंबर

यश! यश! यश!

ऑफिसातल्या एकाने मुंबईहून चॉकलेटच्या पावडरीचा डबा आणवून दिला. इंग्रजी डबा, वर हसणारी गोरी बाई. सॅकरिन न घालता नुसत्या पावडरीवर पत्रा भाजला. काय बिस्किटं झाली! खुसखुशीत, लालसर, आणि गोडी अशी की बस. रांगेतल्या बायांनी मागून मागून खाल्ली. त्या आजीबाईंनी तर पदरात बांधून नेली. मी नुसती परीक्षा म्हणून खात गेलो तर अर्धा पत्रा संपला.

साखरेचा एक कण न घालता एवढी गोडी! चॉकलेटच्या अंगातच गोडी असते हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हबीबभाईंना सांगितलं. ते म्हणाले, साब, चॉकलेट तो कडवा होता है. हसून सोडून दिलं.

उद्याच निघतो. बॅगही काढली.

२ नोव्हेंबर, सकाळी

बॅग भरता भरता सहज डब्यामागचं बारीक इंग्रजी वाचलं. सर्वांत पहिलं नाव: शुगर. कोको नंतर.

डबाभर साखरच होती ती! त्या गोऱ्या बाईला हसायला काय झालं?

बॅग परत ठेवली. व्याह्यांना हे चारून दवाखान्यात टाकू काय? पार्वताबाई म्हणतात, मंग बिस्कुटं राहू द्या, जा नुसते. भूल पडून राहिली काय तुमाले? मी म्हटलं, आता माघार नाही. त्यांनी हातातली परात आदळली. करंजीचं सारण सांडलं. ते मला भरायला लावलं.

बिस्किटं काल इतकी चांगली झाली होती याचाच जास्त राग येतो.

४ नोव्हेंबर

खराखुरा कोको मिळाला. अमरावतीहून, एका ओळखीच्या साहेबाच्या खानसाम्याकडून. दोन वेळा तोंड वेंगाडावं लागलं. आपल्या माणसासाठी करावं लागतं.

सॅकरिन मोजून. एक गोळीही जास्त नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

पुढला रविवार पक्का असं लिहिलं होतं खरं. पण भट्टीवर एवढी गर्दी, माझा नंबर उद्या. यात माझा काय दोष?

जगदेवला तार करू काय, असं पार्वताबाईंनी आज विचारलंही नाही. नुसत्या बेबीच्या खोलीत जाऊन चादर बदलत होत्या. जावयांसाठी नवी चादर, नवे अभ्रे. दोनदा बदलली. त्यांना म्हटलं, घाई कशाला, पोरगी येतेच आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चादर परत झटकली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर, धनत्रयोदशी

तिसरा पत्रा. झालं!

साखर नसल्यामुळे बिस्किटं पसरली नाहीत. लाडूसारखी गोल ठेवली होती, तशीच गोल बाहेर आली. रंग काळा. चव कडवट, पण भारदस्त. जरा टणक आहेत. हबीबभाईंनी एक पत्र्यावर आपटून पाहिलं तर पत्र्याला पोचा आला. मी म्हटलं, प्रवासाला अशीच हवीत, भुगा व्हायची भीती नाही. ते म्हणाले, साब, सच है. उद्यापासून भट्टी बंद, आता दिवाळीनंतरच.

डब्यात भरली. हलवला की गोट्यांसारखा आवाज येतो. मला समाधान वाटतं आहे. वाटायलाच हवं.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा. घरचा कर्ता पुरुष आजच्या दिवशी बाहेर कसा पडेल? पूजेत पार्वताबाईंनी बेबीच्या नावाचा दिवा वेगळा लावला. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं म्हणाल्या. दिवा तुपाचा होता.

८ नोव्हेंबर

दुपारपर्यंत अमावस्या. अशा दिवशी शुभकामाला निघत नाहीत. उद्या पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला. त्याच दिवशी पोचलो तर व्याह्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद दिसेल! एका परीने उशीर झाला तेच बरं.

९ नोव्हेंबर, पाडवा. दुपार, बडनेरा.

पहाटेची गाडी चुकली, दुसरीने आलो. इथून अमरावती, तिथून वरूडची मोटार.

फलाटावर गर्दी म्हणजे काय विचारता! डबा छातीशी धरून उभा होतो. समोर अकोल्याकडची गाडी सुटत होती. खिडकीत एक पोरगी दिसली, थेट आमच्या बेबीसारखी, हिरव्या लुगड्यात. शेजारच्या म्हाताऱ्याचा फेटा खुशालरावांसारखाच. हाक मारणार होतो, पण हात डब्यात गुंतलेले. दिवाळीत सगळे सारखेच दिसतात. चष्मा बदलायला हवा.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ. वरूड.

घराला कुलूप.

ओसरीवर पुंजाजी, बगीच्याचा राखणदार. मला पाहून उभा राहिला आणि म्हणाला, पावणे, तुमी इथं कसे? मालक तं सकाळीच तुमच्याकडे अकोल्याले गेले. सुनेले आन् धाकट्या मालकाले घेऊन.

मी म्हटलं, व्याही स्वतः? सुनेला पोचवायला?

तो म्हणाला, मंग काय करतील? पोरगी धनतेरसपासून पेटी भरून ओसरीवर बसली होती. मोटारचा भोंगा वाजला का उठे, फाटकापर्यंत जाय, वापस येऊन बसे. लक्ष्मीपूजनाच्या रोजी जेवलीच नाही. मालकाले पाहवलं नाही. म्हनले, चाल माय, तुह्या बापाले काही मोठं काम असन. मीच पोचवून देतो.

माझ्या हातातल्या डब्याकडे पाहून त्याने विचारलं, काय आनलं? मी सांगितलं. तो म्हणाला, मालकाले? बिनसाखरेची? अवो मालक तं दिवाळीचे चार रोज पथ्यच पाळत नाहीत. सकाळी दोन बुंदीचे लाडू खाऊन निघाले.

परतीची मोटार गेलेली. पुंजाजीने सतरंजी टाकून दिली आणि भाकर आणू काय विचारलं. पोरीच्या घरचं तिला लेकरू होईपर्यंत खायचं नाही, म्हणून नको म्हटलं. डबा उघडला. बिस्किटावर दाताचा व्रणही उमटला नाही. चोखत बसलो.

पार्वताबाईंनी आता जावयांना ओवाळायला बसवलं असेल. जावई विचारतील, मामंजी कुठं गेले? त्या काय सांगणार?

पुंजाजीने बेबी बसायची ती जागा दाखवली. खांबाजवळ, जिथून रस्ता दिसतो. मी तिथेच बसलो आहे. मला रडू आलं. पुंजाजी समोर होता, तरी आलं.

पहिली मोटार सकाळी आहे. बेबीच्या पहिल्या दिवाळसणाला घरी सगळे आहेत, व्याहीसुद्धा. तिचा बापच तेवढा तिथं नाही.