गाढवाला घातलेली कणीक

वहबादादा,

पत्र टाळत आलो, कारण तुला लिहायचं म्हटलं की शिव्याच सुचतात. माझ्याशी ठरलेली इरिनी तू पळवलीस. तुझे पाय मोडायला निघालो आणि भटकत या वाळवंटातल्या ख्रिस्ती मठात अडकलो. इथले खजूर झकास आहेत, पण ते असो.

अबूना सिद्राक, इथले म्हातारे साधू, मला प्रार्थनेत वेदीवर ठेवायची भाकर मळायला बसवतात. मळताना फक्त स्तोत्रं म्हणायची, पण माझ्या तोंडून तुझा उद्धार होतो.

"पुन्हा शिवी? घाल ती कणीक गाढवाला!" अबूना म्हणतात. "बाटलेल्या कणकेवर गाढव पोसलंय, तुझ्या शिव्यांवर सैतानही पोसलाय. सैतानाला उपास कधी घडवणार, बाळा?"

आज पहिल्यांदाच शिवी गिळली. माफ मात्र केलेलं नाही.

तुझा धाकटा,
बखूम

ता.क. तू आणि इरिनी फाटकावर आला आहात म्हणे. अबूना गरम भाकर घेऊन मलाच पाठवताहेत.