नजीरला पत्रक पोचलं असेलच

ता. ३ जानेवारी १९९९, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प. दोन दिवस उशिरा, पण पक्का. ३१ तारखेला आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये 'मराठवाडास्तरीय कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा'. माणसं खेळणार नाहीत. कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी खेळेल. ज्याने त्याने बुद्धिबळाचा आपला प्रोग्राम फ्लॉपीवर आणायचा. अंदाजे चाळीस फ्लॉप्या येतील. मशिनी दोन आहेत, पैकी एक चालू. होईल.
नजीरचा या स्पर्धेशी काही संबंध नाही. हे इथंच लिहून ठेवतो.

ता. ६ जानेवारी
स्पर्धेत आपला 'वजीर' उतरणारच. हा प्रोग्राम मी आणि नजीरने मिळून केला. दीड वर्ष लागलं. पडद्यावरचा पट, सोंगट्या, रंग माझे. कॉम्प्युटरने विचार कसा करायचा, तेवढंच नजीरने लिहिलं. मग पेपरात बातमी आली, 'जाफराबादच्या तरुणाने कॉम्प्युटरला शिकवले बुद्धिबळ.' तरुणाने. एकाच. फोटोही एकाचाच, माझा. नजीरने बातमी वाचली. आपल्या कॉपीची फ्लॉपी खिशात घातली आणि जालन्याला टीव्ही रिपेरिंगच्या दुकानात लागला. पेपरवाले बातमी कापतात, त्यात माझा काय दोष? दोन वर्षं झाली. एवढा राग बरा नव्हे माणसाला.

ता. १२ जानेवारी
प्रसिद्धी जोरात. पाचशे पत्रकं. मजकूर लांबला म्हणून प्रेसवाल्याने पत्ता काढून टाकला. ज्याला यायचं तो विचारत येईल. क्लासचा शिपाई बद्रीनाथ याने सगळी पत्रकं एसटी स्टँडवर एका दमात वाटली. म्हणजे जालन्याच्या गाडीतही गेली. म्हणजे नजीरला पत्रक पोचलं असेलच.
आमची नंदाबाई, म्हणजे बायको, म्हणाली, मैतराला कुणी पाम्प्लेट देतंय का, घरी जाऊन सांगावं लागतंय. मी म्हणालो, हे लग्न नाही, टुर्नामेंट आहे. ती म्हणाली, लग्नात तरी दोन मान्सं येतेत.

ता. २० जानेवारी
ईद. सुगराबी चाचींनी, म्हणजे नजीरच्या आईने, यंदाही शीरखुर्म्याचा डबा पाठवला. घर चार गल्ल्या पलीकडे. नजीर आला असणार. सकाळी दहाला चपला घातल्या. मग वाटलं, स्पर्धेसाठी कुणाचा फोन आला तर? थांबलो. फोन आला नाही. संध्याकाळी चपला काढल्या.
शीरखुर्मा चांगला होता.

ता. २६ जानेवारी
प्रमुख पाहुणे सभापती यांना ३१ला सात लग्नं आहेत. स्पर्धा ७ फेब्रुवारीला ढकलली. सर्वांना तातडीने कळवलं. म्हणजे फळ्यावर लिहिलं. फळा शटरच्या आत ठेवला, बाहेर ठेवला की पोरं पुसतात.
नंदाबाईने विचारलं, नजीरभाऊला कळवलं का? मी म्हणालो, त्याला यायचं नसेल तर तारीख कळून उपयोग काय? आणि यायचं असेल तर त्याने आपण होऊन यावं. यावर ती भांडी घासायला उठली, म्हणजे पटलं.

ता. ३१ जानेवारी, रविवार
शटर बंद ठेवून कप आणायला जालन्याला. बुद्धिबळाचा कप नव्हता. वर कबड्डीवाला असलेला घेतला. लांबून कळत नाही.
सहज नजीरच्या दुकानावरून गेलो. बंद. सहज अर्धा तास उभा राहिलो. समोरचा पानवाला म्हणाला, भाई आज गावाकडं गेले. मी येणार हे त्याला कळलं असावं. तोंड चुकवायचं म्हणजे किती चुकवायचं!

ता. १ फेब्रुवारी
समोरचा चहावाला कडूबा कालचं काहीतरी सांगत होता. म्हटलं, नंतर. संयोजकाला वेळ नसतो.
भुजंगची रिक्षा भोंगा लावून फिरतेय. त्याला सगळं कागदावर लिहून दिलंय. कागद त्याने मुलाच्या वहीत ठेवला, आता तोंडपाठ म्हणतो.

ता. ७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
गर्दी! रांग स्टँडपर्यंत. मी म्हणत नव्हतो?

त्याच दिवशी, दुपारी ४
भुजंग आठवडाभर ओरडत होता, 'बुद्धीला बळ देनारा कॉम्पुटर, फक्त एक दिवस!' बायका गणितात नापास झालेली पोरं घेऊन आल्या. गोजरबाई नवऱ्याला घेऊन आली, म्हणाली, ह्यांच्या काईच ध्यानात ऱ्हात न्हाई, जरा डोकं लावून द्या त्या मशिनीला. मी बुद्धिबळ समजावून सांगितलं. ती म्हणाली, मंग बळ कुठंय? रांग मोडली.
सभापती आले नाहीत. आज आठ लग्नं.
फ्लॉप्या आल्या: एक. माझी. वजीर वजीरशी खेळवावा म्हटलं, तर लाईट गेली.
कप टेबलावर ठेवून चहाला गेलो. कडूबा म्हणाला, आज नजीरभाई न्हाई आले का? मी विचारलं, आज म्हणजे? म्हणाला, मागल्या रविवारी आल्ते ना, तेच तर सांगून राह्यलो होतो तुमाला. सकाळी धा वाजल्यापून ह्या बाकड्यावर बसून राह्यले. हातात ती कॉम्पुटरात घालायची चौकोनी डबी. म्या म्हणलं, जावा घरी, तर म्हणले, मच्छिंद्र येईल, त्याला येळेचं बंधन न्हाई. शेवटच्या गाडीला गेले.
चहा प्यायलो नाही. कडूबाने पैसे घेतले नाहीत.

ता. ८ फेब्रुवारी
चार गल्ल्या चालायला चार मिनिटं लागतात.
सुगराबी चाचींनी आधी बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, नजीर तो जुमेरात कू (म्हणजे गुरुवारी) गया बेटा, रियाध कू. दो साल का काम है. जाने के पहले तेरे साथ एक बाजी खेलना था बोलके आया था. मी म्हणालो, तारीख बदलली होती, फळ्यावर लिहिलं होतं. चाची म्हणाल्या, घर कू आके बोलना था रे.
मी बातमीचंही काढलं. त्या म्हणाल्या, वो तो नजीर सब कू बोलता था, पेपर वाले काट देते, मच्छिंदर की गलती नै.
ती बातमी मी माझ्या हाताने लिहून दिली होती. पेपरवाल्याने एक अक्षर कापलं नव्हतं. हे चाचींना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी समोर चहा ठेवला. तो पिऊन आलो.
त्याला तारीख कळवायची राहून गेली, असं मी नंदाबाईला सांगितलं. राहून गेली नव्हती. त्याने आपण होऊन यावं, असं मला पाहिजे होतं.
तो आपण होऊन आला होता.