निंबाच्या विणीची बारावी ओळ

सासूबाई,

तोंडावर मी तुम्हाला आई म्हणत होते, कारण म्हणायचं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता ऐकायला कुणी नाही, तेव्हा जे नातं होतं तेच लिहिते. अक्षर तसंच आहे, चौथीतलं. तुम्ही हसायच्या त्याला. हसा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण मंगळवारी या घरात तुमच्याबद्दल मी एक बोलून बसले आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आधी नातीचं सांगते, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून गावाच्या दुसऱ्या टोकाला मिसरोदला राहतात, ही इथे सोनागिरीत माझ्याकडे असते, कारण इथे तिला कामाला एक खोली मोकळी मिळते आणि माझी बडबड फुकट. चांगली नोकरी सोडली तिने, स्वतःची छोटी कंपनी काढली, आणि आता विणकामाचे नमुने परदेशात पाठवते. स्वेटर नाही हो, लोकरही नाही. कसं विणायचं ते. किती टाके घालायचे, कुठल्या ओळीत काय करायचं, एवढंच लिहून पाठवायचं, आणि तिकडची लोकर विकणारी एक कंपनी ते आपल्या गिऱ्हाईक बायकांना देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, नुसतं सांगण्याचे कोण पैसे देतं?" ती म्हणाली, "आजी, हल्ली सांगण्याचेच देतात." तुम्हाला सांगण्याची किंमत तेव्हाच कळली होती, एवढं कबूल करते.

क्वार्टरच्या मागच्या अंगणातलं ऊन मला अजून दिसतं. कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला, पुरुष कामाला गेलेले, भाजी चिरून झालेली, आणि तुम्ही खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या. समोर सतरंजीवर पंजाबीण, बंगालीण, पलीकडच्या लाइनीतली मल्याळी बाई. सगळ्यांना तुमची निंबाची वीण हवी आहे. ती वीण कुठल्या पुस्तकात नव्हती, तुम्हीच अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत बघत बसवलेली. सोळा ओळींचं एक पान, पानावर पान, छातीपासून गळ्यापर्यंत चढत गेलेली डहाळी. तुम्ही कुणालाही नाही म्हणत नव्हत्या. सगळ्यांना शिकवायच्या, पुन्हा पुन्हा, न चिडता. त्या बायका निघून गेल्या की सुया आवरता आवरता तुम्ही मला म्हणायच्या, "मागितलं तर सांगावं. फक्त एक ओळ आपल्यापाशी ठेवावी." मी नागपूरहून आलेली एकोणीस वर्षांची पोर. मला वाटायचं, वा, काय हुशार बाई आहे, आणि मी तिच्या घरातली आहे, बाहेरची नाही. त्या बायकांचं पान उजवीकडे कलायचं. बंगालीण बिचारी लोकरीला दोष द्यायची.

पहिल्या थंडीत मी तुमच्या मुलासाठी तीच वीण घातली. तुमच्याकडूनच शिकून, तुमच्यासमोर बसून. पाठ झाली, पुढचा भाग अर्धा आला, तर माझंही पान कललेलं. तुम्ही ते हातात घेतलंत, उन्हात धरलंत, आणि चार बायकांसमोर सुई उपसून सरसर उसवून टाकलंत. सव्वा महिन्याचं काम. म्हणालात, "हात वाकडा आहे तुझा. त्याला मी काय करू?" मग तुम्हीच त्याच लोकरीचा त्याला स्वेटर विणलात, सरळ पानांचा, आणि तो घालून तो कारखान्यात गेला तेव्हा मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही.

मी बारा वर्षं मानलं की माझा हात वाकडा आहे. कणीक तिंबताना बघायची मी त्याच्याकडे. मग एकदा अशोका गार्डनला कुणाकडे हळदीकुंकवाला गेले होते, तिथे ती बंगालीण भेटली. तिच्या अंगावर तोच जुना स्वेटर. पान कललेलं, त्याच बाजूला, तेवढंच, माझ्यासारखंच. दोन बायकांचे हात एकाच मापाने वाकडे कसे असतील? त्या दिवशी मला समजलं की तुम्ही मलाही सतरंजीवरच बसवलं होतं. घरी आले, तुम्ही विचारलंत काय खाल्लं तिथे, मी सांगितलं. विषय संपला. तुम्हाला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलंही असतं, न चिडता, आणि त्यातली दुसरी एखादी ओळ गाळली असती.

तुम्ही गेलात, तेरावा झाला, पाहुणे नागपूरच्या गाडीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या मुलाचा तो स्वेटर काढला. कात्रीने गळ्याची गाठ कापली आणि उसवायला घेतला. एकेक ओळ, हळूहळू, वरून खाली. उसवताना वीण उलटी वाचता येते, हे तुम्हीच शिकवलेलं. बाराव्या ओळीला सापडली. काही नव्हतं हो त्यात. एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा, आणि उचललेला त्याच्यावरून ओढून घ्यायचा. बस. एवढ्याने पान दुसऱ्या बाजूने ओढलं जातं आणि सरळ उभं राहतं. मला हसू आलं. या एका टाक्यासाठी माझा हात बारा वर्षं वाकडा होता. तुमच्या मुलाने विचारलं, स्वेटर कुठे गेला. मी म्हटलं, कसर लागली. त्या लोकरीचा गुंडा अजून माझ्या पेटीत आहे.

आणि ती ओळ मी कधी विणली नाही. एकदाही नाही. मुलांचे स्वेटर केले, शेजारणींच्या बाळांच्या टोप्या, याच नातीचं पहिलं झबलं, सगळीकडे पान कललेलंच ठेवलं. तुमची ओळ तुमच्यापाशी राहू दे म्हटलं. पुढे पुढे मला ते कललेलं पानच खरं वाटायला लागलं. वाऱ्याला लागलेला निंब कुठे सरळ उभा असतो?

दिवाळीच्या आधी नातीने ही वीण माझ्याकडून ओळीओळीने लिहून घेतली आणि एक कागद आणला. तिकडच्या कंपनीला हवा होता. त्यात होतं की ही वीण मी स्वतः केलेली आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आणि ती वापरायची परवानगी मी नातीच्या कंपनीला देते. तिने वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुझीच आहे ना, आजी?" मी मनात हिशेब केला. सरळ पान सासूबाईंचं. कललेलं माझं. त्यांनी मला दिलं नाही ते त्यांचं, दिलं आणि मी आयुष्यभर विणलं ते माझं. सही केली. माझा फोटोही काढून नेला, सुया हातात देऊन. तिकडच्या बायका म्हणे फोटो बघून खूष झाल्या. त्यांना आजी हवीच असते, फक्त ती बोलायला नको.

मग गेल्या आठवड्यात तिकडच्या कंपनीचं उत्तर आलं. विकण्याआधी तिकडे चार बायका विणून बघतात, आणि चौघींचं पान उजवीकडे कललं. कुठेतरी ओळ राहिली आहे, दुरुस्त करून बुधवारपर्यंत पाठवा, नाहीतर हा नमुना राहू द्या, आणि त्याच्यावर उभं केलेलं नमुन्यांचं पुस्तकही राहू द्या. नात माझ्यासमोर बसली. डोळे लाल. "आजी, आठवून बघ. एखादी ओळ राहिलीय का?" मी म्हटलं, "नाही." पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. काय करणार होते? ओळ दिली की वीण तुमची होते, पुरती तुमची, आणि माझ्या सहीचा कागद खोटा पडतो. नाही दिली तर पोरीने ज्याच्यासाठी नोकरी सोडली ते तिच्यासमोर मोडतं. आणि खरं सांगावं, तर तिलाच त्या लोकांना कळवावं लागणार की माझ्या आजीने खोटी सही केली. तीन दिवस मी त्या खुर्चीत बसून होते. मी दुसऱ्या मजल्यावरची बाई, गुडघा हा असा, खाली उतरले की वर चढवायला माणूस लागतं. पळायचं म्हटलं तरी जिना आहे.

अशात मंगळवारी सरकारी सर्वेक्षणवाली आली. देशातून बाहेर वस्तू सोडून काय काय विकलं जातं, ते सरकारला मोजायचं असतं. कुणी हिशेब लिहून देतं, कुणी नकाशे काढून देतं, कुणी आमच्यासारखं विणायचं कसं ते सांगतं. नातीने दोनदा त्यांची पत्रं न उघडता ठेवून दिली होती, म्हणून ही स्वतःच आली. पंचविशीची मुलगी, खांद्याला पिशवी, हातात ती काचेची पाटी. जिना चढून धापा टाकत होती, चहा घेतला, माझ्या पाया पडली. कामाची मुलगी वाटली.

"अम्माजी, घबराइए मत, कोई जाँच नहीं है. बस गिनती है."

"मैं क्यों घबराऊँ? गिनो," मी म्हटलं. "घर में हम दो हैं."

ती हसली. मग नातीला विचारायला लागली. माल बाहर गया? नाही. लोकर, कपडा? नाही. मग काय गेलं? नात म्हणाली, डिझाइन. मुलीने पाटीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, हे सेवेत नाही, बौद्धिक संपदेत येईल. संपदा म्हणे. चौथी पास बाईच्या बुद्धीची. पुढचा प्रश्न होता, हक्क कायमचा विकून टाकला की फक्त वापरायला दिला? नात म्हणाली, वापरायला. मला तुम्ही आठवलात. तुम्ही तर दोन्ही केलं नव्हतं. तुम्ही दाखवलं आणि झाकलं. त्याचा रकाना त्या पाटीत नसणार.

मग तिने विचारलं, "जो दिया है वो अपना बनाया हुआ है, या किसी और का लेकर आगे दिया है?"

नातीने पटकन सांगितलं, आजीचं आहे, आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणायला हवं होतं. माझा कप बशीवर वाजला. एवढंच झालं, पण पोरगी तुमच्याच वंशाची, तिला पुरलं.

"आजी," ती मराठीत हळू म्हणाली, "ही वीण पणजीची आहे का?"

मी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"पणजीची असेल तर कागद खोटा आहे, आजी. मला आत्ता सांग. आत्ताच."

ती सर्वेक्षणवाली मुलगी बोट वर धरून थांबलेली. मराठी तिला कळत नव्हतं, पण घरातलं काहीतरी चाललंय हे कळत होतं, म्हणून ती खिडकीबाहेर बघत होती. उठून आत जावं म्हटलं तर गुडघा. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला. आणि मग माझ्या तोंडून आलं, ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, तुमची शपथ.

"पणजीची होती," मी म्हटलं, "पण तिला जमत नव्हती. तिचं पान कलायचं. सरळ मी केलं. आण सुया."

नातीने सुया आणल्या. मी त्या सरकारी मुलीसमोर टाके घातले आणि एक पान विणून दाखवलं. चहाचं दुसरं आधण होईपर्यंत झालं. बाराव्या ओळीला टाका उचलला, पुढचा विणला, वरून ओढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पण हात अडला नाही. पान सरळ उभं राहिलं. नात बघतच राहिली. "ही ओळ तू मला दिलीच नव्हतीस!"

"विसरले होते. वय झालं."

"म्हणजे पणजी जन्मभर चुकीचं विणत राहिली?"

"तिचा हात वाकडा होता," मी म्हटलं. "त्याला मी काय करू?"

"बिचारी," नात म्हणाली.

सर्वेक्षणवालीने विचारलं, "तो फिर अपना ही लिखूँ ना, अम्माजी?" मी म्हटलं, लिही. तिने पाटीवर टिचकी मारली. जाताना म्हणाली, काळजी करू नका, नाव कुठेच येत नाही, सगळ्यांचं एकत्र मोजतात. म्हणजे तुमचं नाव नाही, माझंही नाही.

बुधवारी नातीने ओळ पाठवली. काल उत्तर आलं, चारही बायकांची पानं सरळ आली, पुस्तक होणार. त्यात माझ्याबद्दल दोन शब्द हवेत म्हणून ती मला विचारून विचारून लिहिते आहे. तुमच्याबद्दलही लिहिलंय तिने, की पणजीची सुरुवात होती, पण पान कलायचं. वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान. आता ते खोडता येत नाही. खोडायला गेले तर सगळंच उसवतं, कागद, पुस्तक, पोरगी. त्या कललेल्या पानाचं कुणी विचारत नाही, तेवढंच माझं होतं, आणि ते आता या घरात चूक म्हणून राहील.

हे पत्र कुठे टाकणार? पेटीतला तुमचा गुंडा सैल झाला आहे, आत घालायला घडीचा कागद हवाच होता. हाच घालीन आणि लोकर वरून गुंडाळून टाकीन. कुणी उसवलं तर वाचेल.

सासूबाई, तुमचा हात वाकडा नव्हता, हे मला माहीत आहे. अडकले म्हणून बोलले, हेही खरं. पण ते बोलताना मला इतकं बरं वाटलं, की चहा गार झाला होता तरी मी सगळा प्यायले.