मातीवर थोपटताना

प्रिय आई,

फोनवर विषय काढायला गेले की तू 'जेवलीस का?' विचारतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहितेय.

मी पुरातत्त्व घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, घरातली पहिली पदवीधर, आणि करणार काय, तर खड्डे खणणार! तू मात्र जुन्या चादरीची पिशवी शिवून दिलीस, खापरं ठेवायला. आता संग्रहालयात नोकरी लागली, तर खणणं सुटलं आणि नाटक गळ्यात पडलं. काचेच्या कपाटांसमोर लोक थांबत नाहीत गं, जांभया देत पुढे जातात. म्हणून आम्ही मधल्या दालनात हजारो वर्षांपूर्वीचं एक घर उभं केलंय आणि त्यात राहून दाखवतो. लहानपणी पलंगाला चादर बांधून मी नाटकं करायचे आणि तू कामातून उठून, ओल्या हातांनी टाळ्या वाजवायचीस, ते रोज आठवतं.

आमच्या उत्खननवाल्या मॅडमचा नियम कडक आहे. जे सापडलं नाही, ते दाखवायचं नाही. त्या लोकांची भाषा सापडलेली नाही, म्हणून संवादच नाहीत. त्या म्हणतात, भांडी आम्ही दिली, हात तुम्ही आणा. मग जो तो आपल्या घरातले हात आणतो. ते घर उभारणारा आमचा सुतारही नाटकात आहे, तो हुबेहूब त्याच्या आजीसारखा दळतो. सगळे त्याला 'आजीबाई' म्हणून छळतात.

त्या घराच्या जमिनीखाली एक मडकं सापडलं होतं, त्यात तान्ह्या बाळाची हाडं. बाहेर कुठे नाही, घरातच पुरलेलं. ती आई मी करते. तालमीत मडक्यावर माती सारली, शेजारी आडवी झाले, आणि माझा हात आपसूक जमिनीवर थोपटू लागला. मॅडम म्हणाल्या, हे ठेव. कुठून आणलंस, असंही त्यांनी विचारलं. मी हातांची माती झटकून पुढचा प्रवेश घेतला.

तुला ठाऊक आहे. माझ्या पाठचं बाळ गेल्यावर कितीतरी दुपारी तू अंथरुणाच्या रिकाम्या बाजूला अशीच थोपटत पडायचीस. मी दारातून बघायचे. आपण त्यावर कधी बोललोच नाही.

रविवारी पहिला प्रयोग आहे. हा हात तुझा आहे; तुला विचारल्याशिवाय मी तो लोकांसमोर नेणार नाही. नको म्हणालीस तर नुसती पडून राहीन, मॅडमना काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण हो म्हण किंवा नाही म्हण, एक सांगशील? आपण त्याला नुसतं बाळच म्हणायचो. त्याचं नाव काय ठरवलं होतंस? लोक मला एकुलती एक म्हणतात. पटत मात्र नाही मला.

तुझीच,
थोरली