लालबागेत पाठवलेली मावशी

निपाणी,
बुधवार, १९ नोव्हेंबर

सौ. वसुअक्कास कस्तुरीचा नमस्कार.

'सौ.' आठवणीनं लिहिलंय, तुला त्याचा फार मान. मी सुखरूप पोचले. गुडघा बरा आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून आधीच सांगून टाकते.

रविवारी मला बंगळूर बघायला पाठवलंस, त्याबद्दल आभार. खरंच मजा आली, आणि हे वाचून तुला काही बरं वाटायचं नाही. बनशंकरीला बस धरली, आधार दाखवलं, बायकांचं फुकट तिकीट मिळालं. कंडक्टरीण "अक्का, स्वल्प मुंदे" म्हणाली तशी पुढे सरकले, तर खिडकीच मिळाली. लालबागेत दोन तास बसले. बेण्णे डोसा खाल्ला, वर दोनदा कॉफी घेतली. दुसरी कशाला, असं विचारणारं कुणी नव्हतं. मग मेट्रोत बसून उगाचच शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. आमचे हे गेल्याला सहा वर्षं झाली, एवढ्या दिवसांत एकटीनं अशी कधी हिंडले नव्हते.

पण मी हिंडायला आले नव्हते अक्का. अनुषाच्या डोहाळजेवणाला आले होते.

शनिवारी दिवसभर तुझ्या गॅसपुढे उभी राहून दीडशे करंज्या तळल्या. शेवटचा घाणा काढताना तू म्हणालीस, "माझं काही नाही गं, पण सासूबाईंचं जुनं वळण. उद्या तू समोर नसलेली बरी. साडेपाचपर्यंत ये आरामात." माझ्या करंज्या चालल्या. मी आणलेली हिरवी साडी पोरीच्या अंगावर चालली. मी तेवढी चालले नाही. तरी गिळलं. ऐंशी वर्षांच्या बाईशी काय वाद घालायचा?

मेट्रोत असताना अनुषाचा फोन आला. "मावशी, लालबाग काय पळून जाणार होती का? आई म्हणते, तुलाच फिरायचं होतं." तुझी बदली झाली तेव्हा ही पोर तीन वर्षं माझ्या कुशीत झोपली आहे. तिचा आवाज रडवेला झाला होता. तरी मी "हो गं" म्हटलं. तुझी बाजू सावरली. त्याची मला लाज वाटते.

संध्याकाळी मी आले तोवर अनुषा सासरी गेली होती. तू पाहुण्यांना पोचवायला खाली होतीस. तुझ्या सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. "एनम्मा कस्तुरी, कुठं गेली होतीस तू? मावशीनं ओटी भरायची म्हणून मी सगळ्यांना थांबवून धरलं होतं."

म्हणजे वळण तुझं. नवरा नाही, पोटी मूल नाही, अशा बाईची सावली तुला लेकीवर नको होती. सरळ सांगायचंस. म्हातारीच्या पदराआड कशाला लपलीस? एवढी बँकेतली मॅनेजर तू! तोंडात काय काय येतंय, पण मोठी आहेस म्हणून कागदावर उतरवत नाही.

काल अनुषाला फोन करून खरं सांगितलं. तुला विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बारशाला तू यायचंस."

मी येणार आहे. पाळण्याजवळ उभी राहणार आहे. अडवायचं असेल तर चारचौघांत, माझ्या तोंडावर अडव.

तुझ्या उत्तराची वाट न बघणारी,
कस्तुरी