महाशीर वाचवायला निघालो, त्याची गोष्ट

२ नोव्हेंबर
ठरलं. यापुढे रविवार देशी माशांसाठी. आपल्या नद्यांतला महाशीर संपत चाललाय आणि नाहूरमध्ये कुणाला पत्ता नाही. गळाने धरायचा, लोकांना दाखवायचा, लगेच सोडायचा. ग्रुप काढला, 'महाशीर मित्र'. सभासद तीन: मी, मित्र विशाल, बायको दीप्ती.
संध्याकाळी: दीप्तीने ग्रुप सोडला. म्हणाली, एकाच घरात राहतो, तोंडाने सांग ना.

९ नोव्हेंबर
शहापूरच्या पुढचा डोह. विशाल इथे कॉलेजपासून गळ टाकतो. बजावत होता, हात ओले कर, मासा पाण्याबाहेर ठेवू नकोस. मी इतके व्हिडिओ बघितलेत, मला काय सांगतो!
लागला! सोनेरी खवल्यांचा, हाताएवढा महाशीर. विशाल ओरडत होता, "पाण्यात ठेव रे त्याला!" पण फोटोत माझे डोळे मिटलेले आले. पुन्हा उचलला. मग व्हिडिओ. सोडल्यावर आडवा तरंगला. दमला असेल.

१० नोव्हेंबर
दमला नव्हता. काल विशाल कमरेएवढ्या पाण्यात त्याला सरळ धरून किती वेळ उभा होता. काही उपयोग झाला नाही. परतताना मी गाडीत गाणी लावली, त्याने बंद केली.
फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'धरला आणि सोडला.' यात खोटं काय आहे?

१४ नोव्हेंबर
सेक्रेटरी पद्मजाताईंनी बालदिनाला मुलांपुढे बोलायला उभं केलं. समोरच्या फ्लॅटमधल्या गार्गीने विचारलं, "काका, तो आता काय करत असेल?" म्हटलं, पोहत असेल. टाळ्या.
रात्री दीप्तीने सुरमई तळली होती. खायची नाही ठरवलं. एकच तुकडी खाल्ली. म्हणजे दोन.

२३ नोव्हेंबर
उपाय सापडला. एक गेला तर पिशव्या भरून सोडू. भांडुपला एक माणूस बोटुकली विकतो, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. विचारलं, देशी ना? म्हणाला, "एकदम देशी, साहेब. कुठल्याही पाण्यात जगतात." विशालला सांगितलं नाही, सरप्राइज. एकटाच जाऊन डोहात सोडली. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

२५ नोव्हेंबर
विशालला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. ती चिलापी आहेत. परदेशी जात. भराभर वाढतात, दुसऱ्या माशांची अंडी खातात. "वाट लावलीस यार डोहाची!" मी म्हटलं, हेतू चांगला होता. तो म्हणाला, त्या दिवशीही चांगलाच होता तुझा हेतू. फोन ठेवला. ग्रुपही सोडला.
सभासद एक.

३० नोव्हेंबर
सगळी चिलापी परत धरणार. सोपं आहे, पिल्लंच तर आहेत. दिवसभर गळ टाकून बसलो. एकही नाही. पाण्यात बघवत नव्हतं, तरी बघत होतो.

७ डिसेंबर
डोहावर पोचलो तर विशाल आधीच पाण्यात. गावातल्या दोघांना घेऊन जाळं ओढत होता. मला कळवलंही नव्हतं. बूट काढून उतरलो, जाळ्याचं टोक धरलं. त्याने धर म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही. दुपारपर्यंत ओढलं. थोडी पिल्लं आली. बाकीची कुठे, विचारलं. त्याने नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं.
निघताना विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का?
म्हणाला, "ये. पण गळ आणू नकोस."
मी तरी कुठे आणणार होतो.